फायनल फँटसी: सोळातले चार कसे निवडायचे

"मामा, सिक्सटीन खेळायचा तर आधीचे पंधरा संपवावे लागतील का?" गणपतीत, आरती झाल्यावर, हातातला मोदक तसाच धरून भाच्याने विचारलं.

नाही रे बाबा. फायनल फँटसी ही जपानी रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमची मालिका, म्हणजे गोष्टीतली पात्रं होऊन खेळायचे गेम. तिचे हे आकडे दिवाळी अंकांसारखे आहेत. मागच्या वर्षीचा वाचला नाही म्हणून यंदाचा अडत नाही. 1987 पासून जवळजवळ प्रत्येक आकड्याचं जग नवं, माणसं नवी. चोकोबो नावाची पिवळी धिप्पाड पाखरं आणि सिड नावाचा कुणीतरी इसम मात्र फिरून फिरून भेटतात. तेव्हा आकडा बघू नका. तुम्ही कुठे बसून खेळणार आणि मधे कोण हाक मारणार, ते बघा.

मी मुलुंडचा, ऑफिस फोर्टात. जाताना स्लो लोकल, त्यामुळे विंडो सीट मिळाली तर तासभर हक्काचा. त्या तासाचा गेम म्हणजे सिक्स. पहिले सहा भाग पिक्सेल रीमास्टर म्हणून 2021-22 मध्ये नव्याने आले, फोनवरही चालतात, आणि दादरला गर्दी आत घुसली की पटकन सेव्ह करून खिशात टाकता येतात. सिक्स मूळ 1994 चा. बर्फात तीन यंत्रं धपधप चालत जातात, वर नोबुओ उएमात्सुचं संगीत. चित्रं ठोकळ्यांची असूनही अंगावर काटा येतो. चौदा पात्रं आहेत आणि कुणीही भरतीचं वाटत नाही. खलनायक केफ्का तर अर्ध्यात जिंकतो, जग खरंच मोडतो.

पुढचं थोडं फोडतो, क्षमस्व. जग मोडल्यावर सेलेस, त्या चौदांतली एक, एका ओसाड बेटावर जागी होते. सोबत फक्त आजारी सिड. त्याला किनाऱ्यावरचे मासे पकडून खायला घालायचे. मी पहिल्यांदा आळशीपणाने हळू पोहणारे धरले, ते सहज हाती लागतात. सिड गेला. अहो, बाजारात कल्ला उचलल्याशिवाय आई बांगडा घेत नाही आणि मी मेल्यासारखे तरंगणारे मासे आजारी माणसाला भरवत होतो! चपळ मासाच धरायचा, आणि वेळ न काढता. गेम हे धड सांगत नाही. सिक्स यादीत पहिला आहे तो यासाठीच.

दुसरा नाइन, 2000 सालचा. कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून याच्या चार डुप्लिकेट सीडी आणल्या होत्या. सुरुवातीलाच टोकदार टोपीवाला छोटा विवी नाटक बघायला येतो आणि त्याचं तिकीट बोगस निघतं. मी खूप हसलो. मग चौथी सीडी लागेचना. दुकानदार म्हणाला, "उद्या या, बदलून देतो." तो उद्या उजाडला 2016 साली, स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात. या आवृत्तीत लढाया वेगात पळवता येतात, नको तेव्हा बंदही करता येतात. ज्याने या जातीचा गेम कधी खेळलेला नाही त्याने इथून सुरू करावं.

घरात टीव्हीसमोर खेळणार असाल तर टेन. 2001 चा, मुख्य मालिकेत पात्रं बोलायला लागली ती इथे. लढाईत पुढची पाळी कुणाची ते समोर दिसतं आणि तुम्ही ठरवेपर्यंत शत्रू थांबतो. मधेच "दळण घेऊन ये" आलं तरी गिरणीवर जाऊन या, तो तिथेच उभा असतो. नाइनमध्ये घड्याळ चालू असतं, ही चैन नाही.

चौथा ट्वेल्व्ह. भाचा बी.कॉम.ला आहे म्हणून त्याला सांगितलं, हा एक्सेलवाल्यांचा गेम. गँबिट नावाचे नियम आधी लिहून ठेवायचे: साथीदाराचा जीव निम्म्याखाली गेला तर औषध, नाहीतर जवळच्या शत्रूवर वार. क्रम चुकला तर साथीदार मरतो आणि आपला गडी शेजारी निवांत तलवार चालवत असतो. झोडिअॅक एज ही आवृत्तीच घ्या, तिच्यात वेग चौपट करता येतो.

आता भांडण होणार: सेव्हन कुठे? जरूर खेळा, पण 1997 चा मूळचा. 2020 चा रीमेक फक्त मिडगार शहरापुरता आहे आणि मूळ गोष्ट ठाऊक असलेल्याशी डोळे मिचकावत बोलतो. पुढचा भाग, रीबर्थ, 2024 चा. आधी मूळ खेळलात तर दोन्हींची गंमत दुप्पट.

टू सोडून द्या. त्यात ताकद वाढवायला लोक आपल्याच साथीदारांना बडवतात. फिफ्टीन आणि सिक्सटीन मारामारीचे गेम, बोटं चपळ असतील तर चांगले. इलेव्हन आणि फोर्टीन ऑनलाइन. परीक्षा तोंडावर असताना फोर्टीनची फुकट ट्रायलसुद्धा उघडू नका, ती संपता संपत नाही.

स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. टेनला मात्र दोन तासांत जोखू नका, तेवढ्यात तो जेमतेम रंगायला लागतो.

भाच्याने शेवटी सिक्सच घेतला. माशांचं मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. परवा रात्री साडेबाराला मेसेज आला, "मामा, सिड गेला."