भरलेला इनबॉक्स रिकामा करताना आपलं पुणं त्यात वाहून जाऊ नये म्हणून काय करायचं

रविवारी सकाळी जीमेल उघडलं तर वर पट्टी, स्टोरेज संपत आलंय, आणि न वाचलेल्या मेलचा आकडा 14,312. पहिल्यांदा वाटलं सगळं सिलेक्ट करावं आणि उडवून टाकावं, कोण बसणार वाचत. पण जरा खाली गेले तर साड्यांचा सेल, लोनची ऑफर, परत सेल आणि त्याच्या मध्येच आमच्या सेक्रेटरी काकांचा मेल, "गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल". हे वाक्य पुण्यात राहणाऱ्या कुणालाही झोपेत म्हणता येईल, पर्वती जलकेंद्राचं काम निघालं की ठरलेलंच. म्हटलं थांबा, यात आपलं गाव पण आहे, नुसता कचरा नाहीये. मग नीट बसून केलं, साधारण तीन तास गेले, ते कसं केलं ते सांगते.

आधी एक, हे काम फोनवर करू नका, कॉम्प्युटरवर करा, कारण फिल्टर, म्हणजे ठरावीक मेल आपोआप वेगळे लावायचा नियम, ॲपमधून बनवता येत नाही. आणि जागा कुठे गेलीय ते बघा. फुकटचे 15 जीबी असतात ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून. सर्चच्या चौकोनात उजव्या टोकाला छोटं चिन्ह आहे, ते दाबलं की फॉर्म उघडतो, त्यात साइझ 10 एमबीपेक्षा जास्त असं टाका आणि शोधा. माझ्याकडे निघाले सोसायटीच्या मीटिंगचे स्कॅन केलेले अहवाल, एकेक वीस एमबीचा, आणि कुणाकुणाच्या मुंजीचे फोटो. अहवाल डाउनलोड करून ठेवले, मेल उडवले, निम्मी जागा तिथेच सुटली.

मग प्रमोशन्सचा टॅब, जिथे जीमेल जाहिराती टाकतं तो. वरच्या चौकोनात टिक केली की एका पानावरचे 50 मेल निवडले जातात, पण त्याच वेळी वर एक ओळ येते, या टॅबमधले सगळेच निवडू का म्हणून, ती दाबायची. मात्र त्याआधी प्लीज दोन मिनिटं त्या टॅबमध्ये नाटक, वाचनालय, महोत्सव असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही टाकून शोधा, कारण जीमेलला बालगंधर्वच्या प्रयोगाचा मेल आणि चपलांचा सेल यातला फरक कळतोच असं नाही. माझा सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटांचा मेल तिथेच पडला होता, डिसेंबर उलटून गेल्यावर दिसला, फार वाईट वाटलं. चुकून काही उडालंच तर ट्रॅशमध्ये 30 दिवस असतं, घाबरू नका. अनसबस्क्राइब ओळखीच्या दुकानांचंच करा, अनोळखी मेलमधल्या लिंकवर अजिबात नको, सरळ स्पॅम. आणि "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" असलं काही आलं तर ते खोटं आहे, घरातल्या मोठ्यांना पण बसवून सांगा.

आता मुख्य काम. पुणे नावाचं एक लेबल, म्हणजे मेलवर लावायची खूणचिठ्ठी, करा. त्याच्या आत मी चार केलीत, पाणी-वीज, टॅक्स, झाडं-रस्ते आणि नाटक-गाणं. कुठलाही असा मेल उघडायचा, वरच्या तीन ठिपक्यांत यासारखे मेल फिल्टर करा असा पर्याय असतो, तो घेऊन लेबल लावायचं. जाहिरातींच्या फिल्टरला "इनबॉक्स टाळा" वर टिक करा, पण गावाच्या मेलना ती टिक कधीच करू नका, ते डोळ्यासमोर यायलाच हवेत. वीजबिलाचं कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर महावितरण थोडी सूट देतं, पण मग तो मेल चुकला की बिलच चुकलं, म्हणून त्याला तर आधी फिल्टर. प्रॉपर्टी टॅक्सचंही तसंच, मुदतीत भरला तर सूट असते, मुदतीची तारीख मेलमधून उचलून लगेच कॅलेंडरला टाका.

लेबल लावता लावता मी नुसती वाचतच बसले हेही खरंय. जूनमधले ऑफिसचे मेल, पालख्या येतायत, रस्ते बंद, घरून काम करा. एक पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, दुसरी भवानी पेठेत मुक्कामाला, आणि मी त्या दिवशी घरी लॅपटॉपसमोर, इतकी वर्षं. मार्च 2022 मधला, वनाज ते गरवारे मेट्रो सुरू झाली तेव्हा मैत्रिणीने पाठवलेला तिकिटाचा फोटो. आणि 26 सप्टेंबर 2019 चा भावाचा मेल, पहाटे 4:50 चा, "फोन लागत नाहीये, पाणी कुठपर्यंत आलंय, फक्त एक ओळ लिही." आदल्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला होता, आमच्या पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या, लाइट नव्हते. मी त्याला अकरा वाजता उत्तर दिलंय, दोन शब्दांचं, "आहोत सगळे". असले मेल लेबल लावून सोडू नका, प्रिंट मेन्यूमधून पीडीएफ करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

एक गोष्ट मात्र अजून डाचते. महापालिका 2006 पासून बजेटसाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते, बाक, फूटपाथ, बसथांबा अशी आपल्या प्रभागातली. त्याचा फॉर्म एका शेजाऱ्यांनी मला दोन वर्षं फॉरवर्ड केला होता, दोन्ही मेल न वाचलेले. आमच्या स्टॉपवर अजून म्हातारी माणसं उभ्यानेच बसची वाट बघतात. म्हणून सर्चमध्ये बजेट, हरकत, सूचना, नोटीस हे शब्द टाकून बघाच आणि मुदत असलेल्या मेलना स्टार लावा.

आता मी शुक्रवारी संध्याकाळी चहा घेऊन फक्त पुणे हे लेबल उघडते, दहा मिनिटं. गेल्या आठवड्यात त्यात कोपऱ्यावरच्या गुलमोहराचा मेल होता, तोडायची परवानगी मागितलीय म्हणून. अशी नोटीस झाडावर पण लावावी लागते आणि हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. खाली जाऊन बघितलं, खोडाला सुतळीने बांधलेला कागद, पावसाने अर्धी शाई पसरलेली, तारीख मात्र वाचता येत होती, चौथा दिवस चालू होता. वर येऊन हरकत टाइप केली, झाडाचे दोन फोटो जोडले आणि पाठवली, आणि बिल्डिंगमधल्या अजून सहा घरांना मसुदा फॉरवर्ड केला, सब्जेक्टमध्ये ठळक लिहिलं, मुदत सोमवार.