फ्रान्सच्या खेड्यांतून गाडीनं फिरताना स्वस्त हॉटेलात मुक्काम कसा करावा

नागपूरहून पचमढीला निघालो की आपण हॉटेलात फोन करून सांगतो, "दादा, उशीर होईल, कोणाला तरी जागं ठेवा." फ्रान्सच्या खेड्यात हे चालत नाही. तिथली लहान हॉटेलं बऱ्याचदा एखादं कुटुंबच चालवतं आणि रात्री आठ-नऊला काउंटर बंद होतं. त्यामुळे रोजचा कार्यक्रम हॉटेलात पोहोचायच्या वेळेपासून उलटा आखा.

निघण्याआधी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. आपला पत्ता शहर, पूर्व नागपूर की ग्रामीण आरटीओच्या हद्दीत येतो ते बघून तिथंच अर्ज करायचा. फी १००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्सही जवळ हवंच. भाड्याची गाडी घेताना क्रेडिट कार्ड सहसा गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच बुक करा. तिथं स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे साध्या गाडीचे गिअर उजव्या हातानं टाकावे लागतात.

रस्त्यावर उजव्या बाजूनं चालायचं. खेड्यांतल्या दुपदरी रस्त्यांवर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटर, काही जिल्ह्यांत ९०. गावाच्या नावाची पाटी आली की ५० सुरू, मग ५० चा वेगळा फलक असो वा नसो. त्याच नावावर लाल तिरपी रेघ दिसली की गाव संपलं. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखा दिसला, तर हक्काचा रस्ता आपला. तो नसेल आणि दुसरी खूणही नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, गल्ली कितीही लहान असली तरी. दिवसाला दोनशे किलोमीटर पुरे. समृद्धीवरचा हिशोब इथं लावू नका.

इंधन भरताना पंपावरची खूण बघा: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. रविवारी बरेच पंप माणसाविना, फक्त कार्डावर चालतात, म्हणून पिन पाठ असू द्या.

हॉटेल बुक करताना चार गोष्टी विचारा: काउंटर किती वाजता बंद होतं, लिफ्ट आहे का, संडास खोलीत आहे की बाहेर सामाईक, आणि पलंग केवढा आहे. तिथला डबल बेड बहुधा १४० सेंटिमीटरच रुंद असतो. आपल्याकडच्या सहा फुटी पलंगाची सवय असलेल्या जोडप्यानं दोन वेगळे पलंग मागितलेले बरे. उशीर होणारच असेल तर दुपारीच कळवा. ते दाराचा कोड पाठवतात आणि किल्ली कुठं ठेवली ते सांगतात. कोड कागदावरही लिहून ठेवा, फोनची बॅटरी ऐनवेळी संपते. आत गेल्यावर जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर लागतो आणि थोड्या वेळानं आपोआप विझतो. घाबरू नका, पुढच्या मजल्यावर पुन्हा बटण असतं. मोठी बॅग गाडीतच ठेवून रात्रीपुरती लहान पिशवी वर न्या, जिने फार अरुंद असतात.

संडासात जेट नसतो, एक बाटली सोबत असू द्या. खोलीत किटली मिळेलच असं नाही.

जेवणाचं मात्र नीट जमवा, कारण शाकाहारी माणसाची खरी परीक्षा इथंच असते. दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं सातच्या पुढे. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर आणि अनेक गावांत सोमवारीही दुकानं बंद, म्हणून शनिवारीच ब्रेड, फळं, चीज घेऊन ठेवा. घरून चिवडा, शेंगदाण्याची चटणी, दूध-तूप न घातलेले ठेपले न्या. खव्याची संत्रा बर्फी, पेढे, तूप नेऊ नका: युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांच्या सामानात दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. ताज्या संत्र्यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तीही घरीच ठेवा.

सकाळचा नाश्ता बहुधा खोलीच्या भाड्यात नसतो, आणि माणशी, रात्रीगणिक स्थानिक पर्यटन करही बऱ्याचदा हॉटेलातच द्यावा लागतो. त्यासाठी सुटे युरो जवळ ठेवा. लवकर निघायचं असेल तर हा हिशोब आदल्या रात्रीच मिटवा, कारण पहाटे काउंटरवर कोणी नसतं.