हॉटेलातील माणसे टिकवण्यासाठी प्रशिक्षणावर खर्च कसा करावा

गोव्यातील अनेक लहान हॉटेलांत हंगाम संपला की कर्मचाऱ्यांना घरी पाठवले जाते आणि ऑक्टोबर जवळ आला की पुन्हा माणसांचा शोध सुरू होतो. तोवर त्यातील तयार माणसे मोठ्या हॉटेलात, आखातात किंवा बोटीवर, म्हणजे प्रवासी जहाजांवरच्या नोकरीत, गेलेली असतात. बोटीवरच्या पगाराशी कळंगुट किंवा पाळोळे येथील छोट्या हॉटेलाने बरोबरी करू पाहणे व्यर्थ आहे. मात्र आपल्याकडे राहून माणूस पुढे सरकेल, एवढी व्यवस्था ते नक्कीच करू शकते.

सुरुवात हिशोबाने करावी. गेल्या वर्षी सोडून गेलेल्या प्रत्येकाच्या जागी नवा माणूस आणताना जाहिरात, दलाली आणि राहण्याची सोय यांवर किती पैसे गेले, तसेच नवखेपणामुळे पाहुण्यांच्या किती तक्रारी आल्या, हे वहीत मांडावे. या रकमेशी तुलना केल्यावरच पावसाळ्यात निवडक माणसांना पगारावर ठेवून शिकवणे परवडते की नाही, हे ठरवता येते.

त्यानंतर प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे. हाऊसकीपिंगमधील मुलीला फ्रंट ऑफिसला यायचे असेल, वेटरला कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, व्हायचे असेल, तर कोणते काम शिकल्यावर कोणते पद आणि किती पगारवाढ मिळेल, हे कागदावर लिहून त्या व्यक्तीच्या हाती द्यावे. माझ्या मते सारे यश याच कागदावर अवलंबून आहे, कारण शिकूनही पद आणि पगार तेच राहिले, तर आपण आपल्याच खर्चाने दुसऱ्या हॉटेलासाठी माणूस तयार केलेला असतो.

जून ते सप्टेंबर हा काळ शिकवण्यासाठी उत्तम असतो. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी मात्र आधीच वेळापत्रकात धरावी. स्वयंपाकघरासाठी अन्नसुरक्षेच्या 'फॉस्टॅक' प्रशिक्षणापासून आरंभ करावा. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे किमान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा असा दंडक आहेच. ते प्रमाणपत्र केवळ मुख्य आचाऱ्याला न देता हाताखालच्या एखाद्या होतकरू माणसालाही मिळवून द्यावे. नव्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून रीतसर नोंदवल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते.

शिकवलेला माणूस जाईल या भीतीने बाँड लिहून घेण्याचा मोह होतो. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये, अशी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार सामान्यतः रद्दबातल ठरते. प्रशिक्षणाचा वाजवी खर्च परत मागणारा बाँड न्यायालयांनी मान्य केलेला असला, तरी अडकवून ठेवलेला माणूस पाहुण्यांची सेवा मनापासून करत नाही. त्यापेक्षा अभ्यासक्रमाचे शुल्क हॉटेलाने भरावे आणि कबूल केलेल्या वाढीचा एक भाग हंगामाच्या आरंभी, तर उरलेला हंगाम पूर्ण झाल्यावर द्यावा.

एवढे करूनही काही जण बोटीवर जातीलच. त्यांचे अनुभवपत्र आणि देणी वेळेवर द्यावीत. बोटीवरचा करार काही महिन्यांचाच असतो. म्हणून परत आल्यावर कोणत्या पदावर आणि किती पगारावर घेण्याची तयारी आहे, हे निघण्यापूर्वीच लेखी कळवावे.