हृदयविकार आणि पक्षाघातानंतर : दुसरा झटका ओढवणाऱ्या या चुका टाळा

अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेला रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, तेव्हा त्याच्या हातात बहुधा औषधांची एक प्लास्टिकची पिशवी असते. ती पिशवी मी आधी टेबलावर रिकामी करायला सांगतो. गेल्या पावसाळ्यात पन्नाशीच्या एका शेतकऱ्याच्या पिशवीतून सात पाकिटे निघाली. एका कॅप्सूलमध्ये रक्तातल्या गुठळ्या रोखणारी ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे ॲटोरव्हास्टॅटिन ही तिन्ही औषधे एकत्र होती. दुसऱ्या पाकिटात पुन्हा ॲस्पिरिन होते आणि तिसऱ्यात पुन्हा ॲटोरव्हास्टॅटिन. कॅप्सूल शहरातून लिहून मिळालेली, सुट्या गोळ्या तालुक्याला मोफत मिळालेल्या. नावे वेगळी, रंग वेगळे, म्हणून औषधेही वेगळी असतील असे समजून ते तीन आठवडे सगळ्याच गोळ्या नेमाने घेत होते. शौचाला काळे होऊ लागले, म्हणजे पोटात रक्तस्राव होत असल्याची खूण दिसली, म्हणून ते दाखवायला आले होते. रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट मात्र रिकामे होते आणि ती गोळी आठ दिवसांपासून बंद होती.

यात रुग्णाचा निष्काळजीपणा कुठेच नव्हता. त्यांना सांगितलेले सगळे त्यांनी केले होते. दोन ठिकाणच्या उपचारांची सांगड घालणे हे ज्यांचे काम, त्यांच्याकडून ते राहून गेले होते. दुसऱ्या झटक्याची तयारी बहुतेक वेळा याच फटीत होते, असे माझे इतक्या वर्षांचे निरीक्षण आहे. १७ देशांत झालेल्या 'प्युअर' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात भारताचा समावेश असलेल्या कमी उत्पन्नाच्या देशांच्या गटात, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या दर दहा जणांपैकी आठ जण दुसरा झटका टाळणाऱ्या मुख्य औषधांपैकी एकही घेत नव्हते. ही औषधे महाग नाहीत आणि त्यांतील बरीच सरकारी दवाखान्यात मिळू शकतात.

पहिली चूक : डिस्चार्ज कार्ड फाइलमध्ये लावून ठेवणे

रुग्णालयाने दिलेल्या कागदावर कंपन्यांची नावे असतात. आरोग्य केंद्रात तो कागद पाहून 'हेच चालू ठेवा' असे म्हणणे सोपे असते, पण पुढचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिल्याच भेटीत एका कागदावर प्रत्येक औषधाचे मूळ नाव, ते कशासाठी आहे, केव्हा घ्यायचे आणि कधीपर्यंत घ्यायचे, हे मराठीत लिहून द्यावे आणि जुनी पाकिटे रुग्णासमोर बाजूला काढावीत. यास पंधरा मिनिटे लागतात. ओपीडीत शंभर जण ताटकळत असताना ती काढणे अवघड जाते, हे मला रोज जाणवते. म्हणून हे काम मी परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांच्याकडेही सोपवले आहे आणि ते त्यांना उत्तम जमते.

'कधीपर्यंत' हा रकाना सर्वांत जास्त वेळा कोरा राहतो. झटक्यानंतर स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला असेल, तर ॲस्पिरिनच्या जोडीला दिलेली क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर यांसारखी दुसरी गोळी साधारणपणे १२ महिने द्यायची असते. रक्तस्रावाचा धोका जास्त असल्यास हृदयरोगतज्ज्ञ हा काळ कमी करतात. ती मुदत तारखेसह लिहिलेली नसली, की दोन उलट चुका होतात. कोणी तीन महिन्यांतच गोळी सोडतो आणि स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा दाखल होतो. तर कोणी चार-चार वर्षे दोन्ही गोळ्या घेत राहतो, कारण बंद करण्याची जबाबदारी कोणीच उचलत नाही. ॲस्पिरिन मात्र बहुतेकांना कायमची असते. दात काढायचा आहे म्हणून या गोळ्या आठवडाभर परस्पर बंद करू नयेत. साध्या दंतोपचारासाठी सहसा त्या थांबवाव्या लागत नाहीत, आणि थांबवायच्याच असतील तर स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारून थांबवाव्यात. मेटोप्रोलॉलसारखी नाडीचे ठोके कमी करणारी गोळीही एकाएकी सोडल्यास छातीतले दुखणे उसळू शकते.

दुसरी चूक : 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून गोळी बंद करणे

'डॉक्टर, कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय, आता ही गोळी कशाला? गरम पडते,' हे वाक्य आठवड्यातून चारदा तरी ऐकू येते. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच, आणि गोळी बंद केली की दीड-दोन महिन्यांत आकडा पूर्वपदावर येतो, हे शांतपणे समजावून सांगावे लागते. झटका येऊन गेलेल्या माणसासाठी प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा लागू पडत नाही. त्याचे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) निदान ७० च्या खाली असावे लागते, आणि अलीकडच्या काही मार्गदर्शक सूचना तर ५५ च्या खाली आणायला सांगतात. ॲटोरव्हास्टॅटिनने अंग दुखत असेल तर ते खोटे ठरवू नये; सीपीके (स्नायूंना इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासावे, मात्रा कमी करून पाहावी किंवा त्याच स्टॅटिन गटातले रोझुव्हास्टॅटिन देऊन पाहावे, पण रुग्णाला स्टॅटिनविना घरी पाठवू नये.

रक्तदाबाच्या बाबतीत चूक बहुधा आमच्या बाजूने होते. १५०/९० आला तरी 'चालू ठेवा, महिन्याने या' असे म्हणून पुन्हा तेच औषध त्याच मात्रेत दिले जाते. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीलाच होते. त्यातून आम्हांला मिळालेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे पायऱ्यांचा तक्ता : या भेटीत दाब आटोक्यात नसेल, तर पुढची पायरी कोणती हे आधीच ठरलेले असते. सहन होत असल्यास दाब १३०/८० च्या खाली आणावा. मात्र वयस्कर रुग्णाला उभे करूनही एकदा मोजावा, कारण उठताच चक्कर येऊन पडल्यास मोडलेल्या खुब्याचे नवे संकट उभे राहते.

दाब मोजण्यातही घाई होते. एसटीतून उतरून, तंबाखूचा बार भरून आलेल्या माणसाला स्टुलावर बसवून, शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळून घेतलेला आकडा विश्वासाचा नसतो. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून आणि न बोलता बसवावे. पक्षाघात झालेला असेल तर चांगल्या हातावर मोजावे.

तिसरी चूक : प्रत्येक लकव्याला एकच औषध

पक्षाघात गुठळीमुळे होतो, तसा मेंदूत रक्तस्राव झाल्यानेही होतो. सीटी स्कॅनचा कागद न पाहता 'लकवा झाला होता' एवढ्यावर ॲस्पिरिन लिहून देणे धोक्याचे आहे. गुठळीचा पक्षाघात असला, तरी मनगटावरची नाडी एक मिनिट हाताने पाहावी. ती अगदीच अनियमित लागली, तर ईसीजी काढावा, कारण एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) असेल तर ॲस्पिरिन पुरेसे ठरत नाही. गुठळी होऊ न देणारी वेगळी औषधे लागतात. लहानपणच्या संधिवाती तापाने झडप आकुंचित झालेल्या रुग्णांना आजही वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम याच गोळ्या द्याव्या लागतात, आणि त्यांचा पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) ठरावीक दिवसांनी तपासावा लागतो. पालेभाजीने या गोळ्यांचा परिणाम बदलतो, पण म्हणून अशा रुग्णाने ती सोडू नये. ती दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात खावी.

चौथी चूक : पुनर्वसन म्हणजे तेलाची मालिश आणि सक्तीचा आराम

पक्षाघातानंतर घरोघरी मोठ्या मायेने होणाऱ्या काही गोष्टी अपाय करतात, आणि त्या सांगताना मला नेहमी जपून बोलावे लागते, कारण समोरची सून किंवा मुलगा रात्रंदिवस राबत असतो. लुळा पडलेला हात धरून रुग्णाला उठवणे ही त्यांतली सर्वांत जास्त दिसणारी चूक. त्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायूच सैल पडलेले असतात. ओढल्याने सांधा खाली घसरतो आणि महिन्याभरात हात उचलताना रुग्ण कळवळू लागतो. उठवताना एक हात पाठीमागून खांद्याच्या पात्यावर आणि दुसरा कमरेला द्यावा. बसल्यावर तो हात उशीवर किंवा टेबलावर टेकवून ठेवावा, लोंबकळू देऊ नये. छताला कप्पी टांगून दोरीने हात वर खेचण्याचा व्यायामही या खांद्याला मानवत नाही. बधिर हातावर गरम पिशवीचा किंवा विटेचा शेक दिल्याने भाजल्याचे फोड मी अनेकदा पाहिले आहेत. मालिशीला विरोध नाही, पण तेवढ्याने चालणे परत येत नाही. बसणे, उठणे, तोल सांभाळणे, वाटी उचलणे अशी रोजची कामे पुन्हापुन्हा करूनच मेंदू ती नव्याने शिकतो. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, त्यामुळे 'जरा ताकद येऊ द्या, मग व्यायाम सुरू करू' या वाट पाहण्यात मोलाचा काळ निघून जातो.

जेवू घालण्याबाबतचा समज तर नेमका उलटा असतो. गिळायला सोपे म्हणून पातळ पेज, चहा, पाणी दिले जाते, आणि तेही उताणे झोपवून. गिळण्याचे स्नायू दुबळे झाल्यावर पातळ पदार्थच लवकर श्वासनलिकेत उतरतात. पाणी पिताना ठसका लागणे, जेवल्यावर आवाज ओलसर घोगरा होणे, विनाकारण वारंवार ताप येणे, ही लक्षणे दिसली तर तोंडाने देणे थांबवून त्याच दिवशी दाखवावे. पक्षाघातानंतर न्यूमोनियाने दगावणारे रुग्ण बहुधा यातूनच जातात. ज्याला गिळता येते त्याला ताठ बसवून, मऊ आणि दाटसर घास छोट्या चमच्याने द्यावेत, आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे.

घरच्यांना एकदा शिकवले की भागेल, असेही मानू नये. भारतातल्या १४ रुग्णालयांत झालेल्या 'अटेंड' या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. कुटुंबीयांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिल्याने सहा महिन्यांनंतरचे परावलंबित्व किंवा मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. माझ्या मते याचा दोष कुटुंबावर जात नाही. ग्रामीण रुग्णालयातील भौतिकोपचारतज्ज्ञाकडे पहिले तीन महिने वरचेवर नेणे आणि मधल्या काळात कोणीतरी घरी जाऊन पाहणे, ही आपल्या व्यवस्थेची जबाबदारी आहे. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. 'हट्टी झालेत, व्यायामच करत नाहीत' या तक्रारीमागे अनेकदा तेच असते, आणि त्यावर उपचार आहेत.

हृदयाच्या रुग्णांच्या घरी नेमके उलट चित्र असते. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला सहा महिने अंगणाबाहेर जाऊ दिले जात नाही. गुंतागुंत नसलेल्या रुग्णाने घरी आल्यावर सपाटीवर पाच-दहा मिनिटे चालायला लागावे आणि काही आठवड्यांत ते अर्ध्या तासापर्यंत न्यावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. बायपास झालेल्यांनी छातीचे हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने पाण्याची भरलेली घागर किंवा खताचे पोते उचलू नये. योगावर आधारित हृदय पुनर्वसनाची 'योग-केअर' चाचणी देशातल्या २४ रुग्णालयांत सुमारे चार हजार रुग्णांवर झाली. बारा आठवड्यांतील तेरा सत्रांनी रुग्णांना बरे वाटण्याचे आणि पूर्वीच्या कामाकडे परतण्याचे प्रमाण वाढले, मात्र पुढचे झटके निश्चितपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणून योग जरूर करावा, गोळ्यांच्या जोडीने करावा.

पाचवी चूक : अर्धवट प्रश्न विचारणे

'विडी-सिगारेट ओढता का?' या प्रश्नाला बाई 'नाही' म्हणतात आणि ते खरे असते. मिश्री लावता का, हे विचारलेलेच नसते. दिवसातून तीनदा मिश्री लावणारी आजी स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू-चुना, मिश्री, मावा यांची नावे घेऊन एकेक विचारावे आणि सोडायची इच्छा दिसली तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर तिथेच फोन लावून द्यावा. तसेच, गुडघेदुखीसाठी काय घेता, हेही विचारावे. डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी हृदयाचा धोका वाढतो, रक्तदाब चढतो, आणि आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनचा परिणामही अडवू शकते. दुखण्यासाठी आधी पॅरासिटामॉल वापरावे. मिठाबाबत फक्त एवढेच, की सैंधवही मीठच आहे आणि लोणचे, पापड, खर्डा, सुकट यांतले मीठ मोजणीत धरावे लागते.

सहावी चूक : ३० दिवसांची गोळी आणि सहा महिन्यांचे स्थलांतर

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या टोळीत झटका येऊन गेलेला एखादा तरी माणूस असतो. त्याला महिन्याचे औषध देऊन 'पुढच्या महिन्यात या' असे सांगणे निरर्थक आहे. दसऱ्याच्या सुमारासच आशा ताईंकडून अशांची यादी करून घ्यावी, शक्य तेवढे जास्त दिवसांचे औषध द्यावे आणि कारखान्याच्या जवळच्या आरोग्य केंद्राचे नाव त्याच मराठी कागदावर लिहावे. उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी नको म्हणून गोळ्या चुकतात, तेव्हा श्रावण आणि नवरात्रापूर्वी हा विषय आपणहून काढावा. हृदयाच्या बहुतेक गोळ्या फराळासोबत घेता येतात, मधुमेहाच्या गोळ्यांची आणि इन्सुलिनची मात्रा मात्र डॉक्टरांना विचारून बदलावी लागते.

शेवटची चूक : पुन्हा त्रास झाल्यावर वाट पाहणे

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आल्यास रुग्णाने बसून जिभेखालची सॉर्बिट्रेट घ्यावी, उभ्याने घेऊ नये. पाच मिनिटांत थांबले नाही, तर १०८ ला फोन करावा. तोंड वाकडे होणे, हात गळून पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक झाले, तर सॉर्बिट्रेट किंवा ॲस्पिरिन काहीही तोंडात घालू नये, कारण रक्तस्राव असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, म्हणून सीटीची सोय असलेल्या रुग्णालयाचे नाव घरात आधीच लिहून ठेवावे. निघताना रुग्ण शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता, ती वेळ मराठी कागदाच्या मागे लिहावी आणि कागद सोबत न्यावा. तिथे पहिला प्रश्न तोच विचारतात.