बीपीसाठी श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम कसा करायचा: रोज ३० श्वास, पण जोर लावून

बीपीसाठी श्वासाचा व्यायाम म्हटलं की डोळे मिटून सावकाश श्वास घेणं आठवतं, पण हे प्रकरण वेगळंय, इथे श्वास आत घेताना हातातलं छोटं यंत्र अडवतं आणि आपण जोर लावून ओढायचं, थोडक्यात डायफ्रामला (छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा मुख्य स्नायू) आणि बरगड्यांमधल्या स्नायूंना डंबेल.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो युनिव्हर्सिटीने ५० ते ७९ वयाच्या ३६ जणांवर याचा अभ्यास छापला. निम्म्यांना खरा अडथळा, निम्म्यांना नावापुरता. रोज ३० श्वास, आठवड्यातून ६ दिवस, असे ६ आठवडे. खरा अडथळा ओढणाऱ्यांचं वरचं बीपी सरासरी ९ पॉइंटने उतरलं, आणि नंतर ६ आठवडे काहीच न करताही बराचसा फरक टिकला. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त मिळायला लागतं, त्याने त्या सैल होतात. अभ्यास लहानच आहे हो, पण रोजच्या ५-१० मिनिटांत एवढं म्हणजे वाईट नाही.

आधी यंत्र. ऑपरेशननंतर देतात ते तीन बॉलचं नको, त्यात अडथळा जवळजवळ नसतोच. नॉब फिरवून अडथळा कमी-जास्त करता येतो ते घ्या.

आता करायचं असं. ताठ बसा, नाकाला क्लिप लावा, तोंडातली नळी ओठांनी घट्ट धरा. श्वास पूर्ण सोडा, मग एका दमात जोरात आत ओढा. खांदे कानाकडे चढत असतील तर चुकतंय, पोट आणि खालच्या बरगड्या फुगल्या पाहिजेत (पहिले दोन दिवस आरशासमोर बसा, लगेच कळतं). सोडताना मात्र अजिबात घाई नको, आरामात. असे ६ श्वास, मग १ मिनिट विश्रांती, असे ५ सेट.

नॉब किती ठेवायचा? सुरुवातीला हलकाच, मग दर आठवड्याला थोडा वाढवत न्या, शेवटचे ४-५ श्वास कसेबसे निघतात तिथे थांबा. सगळे ३० सहज झाले तर तो अडथळा कमी पडतोय. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही भराभर श्वास घेताय, थांबा, दोन श्वासांमध्ये जरा वेळ जाऊ द्या. लाळ साचते, नळी रोज धुवा.

नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, छातीचं ऑपरेशन झालंय, कधी फुप्फुसाभोवती हवा भरली होती किंवा कानाचा पडदा फाटलाय, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आकडे कितीही छान आले तरी!

बीपी मात्र व्यायामानंतर लगेच मोजू नका. रोज एकाच वेळी, ५ मिनिटं गप्प बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीला ठेवून दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा, पुढच्या वेळी डॉक्टरांना तीच वही दाखवायची.