‘मुधोळ क्रॉस’ लिहू नका: गावठी पिल्लाला घर मिळवून देताना

रस्त्यावरून उचललेलं चार-पाच महिन्यांचं पिल्लू घरी आलं की पहिली घाई होते ती व्हॉट्सॲपवर फोटो टाकायची. ती घाई दोन आठवडे आवरा. पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लागण झालेलं पिल्लूही सुरुवातीचे काही दिवस, कधी आठवडाभरसुद्धा, ठणठणीत दिसतं. मग उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते. तोवर ते नव्या घरी पोचलं असेल तर तिथल्या लस न टोचलेल्या कुत्र्यालाही बाधा होते. म्हणून 14 दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी. नुसत्या फिनेलवर भरवसा ठेवू नका. फरशी आधी धुऊन घ्या, मग 1 भाग ब्लीच आणि 30 भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं राहू द्या.

दवाखाना. वय दातांवरून कळतं. दुधाचे दात 28. चौथ्या महिन्याच्या सुमारास पुढचे बदलू लागतात आणि सातव्यापर्यंत 42 पक्के दात येतात. पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) यांची एकत्रित लस आणि तीन-चार आठवड्यांनी तिचा बूस्टर, तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस. जंतांचं औषध वजनावर ठरतं, अंदाजाने पाजू नका. पिल्लाला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. हाताळताना ते चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी स्वतःच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

गोचिडांचं मात्र वेगळं सांगायला हवं. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली रोज बघा. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, काडीचा चटका नको. आपल्याकडे गोठा असलेल्या घरात जनावरांवर मारायचं औषध हाताशी असतं आणि तेच पिल्लाच्या अंगावर ओतलं जातं. प्रमाण चुकलं किंवा त्याने अंग चाटलं तर लाळ गळते, थरथर सुटते, झटके येतात. पिल्लासाठीचं औषध पशुवैद्याकडूनच घ्या. खाणं सुटलं, अंगात ताप आणि हिरड्या फिकट, असं दिसलं तर गोचीडतापाची रक्ततपासणी लांबवू नका.

स्वभावाची नोंद. याच दोन आठवड्यांत वहीत लिहीत जा: एकटं राहिलं तर किती वेळ रडतं, बुलेटच्या आवाजाला कुठे लपतं, दोरीला बांधलेलं असताना कोंबडी दिसली तर काय करतं, ताटाला हात लावला तर गुरगुरतं का.

जाहिरात. इथेच बहुतेक जण घसरतात. मुधोळ ही सडपातळ शिकारी कुत्र्यांची जात, आणि ते गाव आपल्या बेळगावच्या शेजारच्याच जिल्ह्यात, त्यामुळे जरा लांब पायांचं, बारीक कमरेचं पिल्लू दिसलं की ‘मुधोळ क्रॉस’, म्हणजे मुधोळचा संकर, असं लिहायचा मोह होतो. कान उभे असले की ‘शेफर्ड क्रॉस’. फोन धडाधड येतात हे खरं. पण ते येतात जातीसाठी, आणि वर्षाचं होऊन कुत्रं गावठीच दिसायला लागलं की मळ्यात सोडलं जातं. मादी असेल तर पिल्लं काढायच्या हिशेबानेही विचारणा होते. ‘गावठी, मिश्र’ असं सरळ लिहा. वय, वजन, नर की मादी, झालेल्या लसी आणि वहीतला एखादा अवगुणसुद्धा द्या. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत हवा. बेळगावातल्या टिळकवाडी, शहापुरात काय किंवा निपाणी-चिकोडीत काय, चांगलं घर कुठल्या भाषेत भेटेल सांगता येत नाही. फोटो सकाळच्या उजेडात, पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढा.

चौकशी आणि घरभेट. फोनवर तीन प्रश्न पुरतात. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का? आधीचं कुत्रं कशाने गेलं? गावाला जाताना कोण सांभाळतं? तिसऱ्यावर ‘बघू की’ असं उत्तर आलं तर थांबा. मग घरी जाऊनच या. फाटकाच्या गजांतून पिल्लाचं डोकं जातं का, गच्चीचा कठडा किती उंच, हे डोळ्यांनी बघा. घरातल्या आजींचं मत जरूर विचारा, कारण दुपारभर पिल्लू त्यांच्याच पायात घोटाळणार. मळ्यातलं घर वाईट नसतं, पण ‘राखणीला पाहिजे’ म्हणजे अनेकदा दिवसरात्र साखळी. खानापूरच्या जंगलालगत रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं बिबट्याच्या तोंडी जातं. तिथे आत झोपायची सोय नसेल तर देऊ नका.

सोपवणं. गणपती आणि दिवाळीचे दिवस टाळा. फटाक्यांना बिचकून पळालेल्या पिल्लाला नव्या घराची वाट ठाऊक नसते. सकाळी न्या. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत, त्यावर नव्या मालकाचा फोन नंबर हवा. सध्याचं खाणं चार दिवसांचं बांधून द्या: भात किंवा भाकरी, अंडं, शिजवून हाड काढलेलं चिकन. कांदा-लसणाचा रस्सा नको. कौतुकाने वाटीभर दूध पाजतात आणि जुलाब झाले की पिल्लू आजारी दिलं म्हणून फोन येतो, हेही आधीच सांगा.

लसीचं कार्ड देताना एका कागदावर दोन्हीकडच्या सह्या घ्या: नसबंदी पशुवैद्य सांगेल त्या महिन्यात करणार, आणि सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू तुमच्याकडेच परत येणार, परस्पर दुसऱ्याला नाही. तिसऱ्या दिवशी फोन करा, महिन्याने जाऊन या. परत आलंच तर वाद घालू नका. का आलं ते वहीत लिहा आणि पुढच्या जाहिरातीत ते घाला.