माऱ्यानंतर धारा किती वाढली, हे नीट कसं मोजायचं

लोहाधारित अतिवाहकात (ठरावीक तापमानाखाली रोध नाहीसा होणाऱ्या पदार्थात) प्रोटॉन किंवा आयनांचा मारा करून मुद्दाम दोष घालायचे म्हटलं की नवे विद्यार्थी बिचकतात. पण चुंबकीय क्षेत्रात क्रिस्टलमध्ये भोवरे (चुंबकीय प्रवाहाच्या बारीक नळ्या) शिरतात, धारा वाहिली की ते सरकू पाहतात, आणि सरकले की रोध आलाच. त्यांना जखडायला (यालाच पिनिंग म्हणतात) दोष हवेत; मग रोधाविना जास्त धारा वाहू शकते, आणि ती किती वाढली तेच मोजायचं आहे.

माझी पहिली अट: माऱ्याआधी आणि नंतर तुकडा तोच. एकाच बॅचचे दोन क्रिस्टलही सारखे नसतात. शिवाय जाडी मोजण्यात थोडी चूक झाली, तरी तोच तुकडा असल्यास गुणोत्तरातून ती निघून जाते.

पोटॅशियमयुक्त बेरियम-लोह-आर्सेनाइड घ्या; त्याचं संक्रमण तापमान (ज्याखाली पदार्थ अतिवाहक होतो) ३८ केल्विनच्या आसपास असतं. ३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे प्रोटॉन वापरणार असाल तर क्रिस्टल सोलून २०-३० मायक्रॉनपर्यंत पातळ करा. प्रोटॉन आरपार जायलाच हवेत. आत थांबले तर वाटेच्या शेवटी नुकसान एकदम वाढतं आणि दोष सगळीकडे सारखे राहत नाहीत. पल्ला आधी एसआरआयएम या संगणक-प्रणालीवर काढा.

प्रोटॉन बिंदुदोष आणि त्यांचे छोटे पुंजके करतात. उच्च ऊर्जेचे जड आयन सरळ स्तंभ कोरतात. तिथे मात्रा (दर चौरस सेंटिमीटरला पडणारे कण) जुळणी-क्षेत्रावरून ठरवा, म्हणजे ज्या क्षेत्राला प्रत्येक भोवऱ्यामागे एक स्तंभ असतो त्यावरून. २ टेस्लासाठी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ९.७ × १०^१० आयन लागतात, म्हणजे दोन स्तंभांत साधारण ३२ नॅनोमीटर अंतर.

मग क्षेत्र सी-अक्षाच्या (क्रिस्टलच्या थरांना लंब) दिशेने ठेवून चुंबकन लूप घ्या, म्हणजे क्षेत्र वाढवत आणि मग कमी करत चुंबकनाचा आलेख काढा. लूपच्या दोन फांद्यांतला फरक (ईएमयू, म्हणजे चुंबकीय आघूर्णाचं एकक, प्रति घन सेंटिमीटर) गुणिले २०, भागिले अ(१ − अ/३ब). अ रुंदी, ब लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. उत्तर म्हणजे हवी ती धारा, अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये.

इथेच थांबू नका, संक्रमण तापमानही पुन्हा मोजा. दोष भोवरे अडवतात, तसेच इलेक्ट्रॉनांना विखुरतात, आणि बहुतेकदा ते तापमान खाली येतं. म्हणून मात्रा वाढवत गेलं की धारा चढते, शिखर गाठते आणि उतरते. मी मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवते, दर टप्प्यावर लूप घेते, आणि तुलना दोनदा करते: एकदा त्याच तापमानाला, एकदा संक्रमण तापमानाच्या त्याच अंशाला. दुसऱ्या तुलनेत वाढ दिसते आणि पहिलीत नाही, तर पिनिंग सुधारलंय, फक्त घसरलेल्या संक्रमण तापमानाने ते झाकलंय. पुढची मात्रा तेव्हा वाढवू नये.

मधल्या काळात तुकडा तापवू नका. उष्णतेने काही बिंदुदोष बुजतात.